जुळवाजुळव

सात आखूड, एक लांब. जहाजाचा भोंगा असा वाजला की हातातलं सगळं टाकून नेमून दिलेल्या जागी जमायचं, हा सागरी सहलीतला पहिला धडा. तो बंदर सोडण्याआधीच देतात. आम्ही ओळीत उभे होतो, कर्मचारी माणसं मोजत होते आणि आमच्या ओळीत एक जागा रिकामी होती. त्या रिकाम्या जागेचा सगळ्यात जास्त त्रास तिच्या शेजारच्या गृहस्थाला होत होता. तो मनगटावरच्या घड्याळाकडे बघे, जिन्याकडे बघे, पुन्हा घड्याळाकडे.

मग ती आली. चपला हातात, केस वाऱ्याने विस्कटलेले, चेहरा फुललेला. उशिराबद्दल काही बोलायच्या आधीच म्हणाली, "केवढा खर्ज लागलाय हो याचा! पोटात ऐकू येतो."

"आवाज ऐकलात," तो म्हणाला, "अर्थ ऐकायचा राहिला."

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आत्याने माझा दंड दाबला. त्या दाबाचा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक आहे. आत्याला एक जोडी दिसली होती.

आत्या जन्मभर माणसं जुळवत आली आहे. तिच्या मते एकटी माणसं अशी जगात नसतातच, चुकीच्या खुर्चीवर बसलेली माणसं तेवढी असतात. या प्रवासात मला तिची सोबत मिळाली हे माझं भाग्य, आणि त्या दोघांना तिची सोबत मिळाली हे त्यांचं भाग्य की आणखी काही, याचा विचार मी तेव्हापासून करते आहे. कारण त्या जुळवाजुळवीत मीही होते, आणि तिच्यात माझ्या हातून एक चूक झाली.

रात्रीच्या जेवणाची एक जुनी पद्धत काही जहाजांवर अजून आहे. पहिल्या रात्री जे टेबल मिळतं तेच शेवटपर्यंत. कोण कुठे बसणार हे भोजनगृहाचे प्रमुख आधीच ठरवतात. हातात नावांची यादी, समोर टेबलांचा आराखडा, आणि कुठला एकटा प्रवासी कुणाशेजारी शोभेल याचा अंदाज. जहाजावरचा पहिला जुळवणारा माणूस हाच. आमचं टेबल आठ जणांचं होतं. आत्या, मी, पंचेचाळीस वर्षं संसार केलेलं एक आजी-आजोबांचं जोडपं, दोन निवृत्त मित्र, आणि समोरासमोर तो आणि ती.

दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमांचं पत्रक आदल्या रात्री प्रत्येकाच्या खोलीत येतं. त्याने ते घडी करून खिशात ठेवलेलं, ओळींखाली पेन्सिलीने रेघा, दोन कार्यक्रम एकाच वेळी असतील तिथे प्रश्नचिन्ह. तिने त्याच कागदाची होडी केली आणि पाण्याच्या ग्लासाला टेकवून ठेवली. ती होडी तो जेवण संपेपर्यंत बघत होता. मला वाटलं, चिडून बघतोय.

तो इमारतींमधल्या लिफ्ट तपासायचं काम करायचा. ती पियानोचे सूर जुळवायची. तो प्रत्येक जिन्याचे कठडे हलवून बघे, ती त्याच कठड्यांवरून घसरत उतरली असती, कुणी बघत नसतं तर. त्याला रोज तेच टेबल, तीच खुर्ची, तीच चालण्याची वाट. तिला एकाच वाटेने दोनदा गेलं की दिवस फुकट गेल्यासारखं वाटे. विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात ते हेच, असं आजोबा हळूच म्हणाले. आजी म्हणाल्या, "छत्तीसचा आकडा!"

आपल्या भाषेतला हा वाक्प्रचार मला फार आवडतो, कारण तो डोळ्यांनी वाचायचा आहे. ३ आणि ६ शेजारी लिहा, दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवलेली. त्यांच्या जागा बदला, ६३, आणि तेच दोघे समोरासमोर. एकाही रेघेचं वळण बदलावं लागत नाही. आत्याने हे कापडी रुमालावर बोटाने काढून दाखवलं आणि म्हणाली, "मग काय? जागा बदलायच्या!"

इथून आमचा उद्योग सुरू झाला.

पहिला डाव खुर्च्यांचाच. आजींनी आपल्याला वारा लागतो म्हणून जागा बदलून मागितली, आजोबा त्यांच्या मागोमाग सरकले, आणि समोरासमोरचे ते दोघे शेजारीशेजारी आले. परिणाम असा की समोर असताना निदान एकमेकांकडे बघत होते, शेजारी आल्यावर दोघेही आमच्याकडे बघू लागले. दुसरा डाव प्रश्नमंजूषेचा. दोघांना एका गटात घातलं. तो उत्तर पक्कं माहीत असल्याशिवाय बोलेना, ती प्रश्न संपायच्या आत बोलू लागली. गट शेवटून पहिला आला. तिसरा नृत्यवर्गाचा. तिथे तो आकडे मोजत नाचला आणि ती आकड्यांच्या मधून नाचली. आजी-आजोबा मात्र इतकं सुंदर नाचले की आम्ही आपलं काम विसरून त्यांच्याकडेच बघत बसलो.

जहाज हे जुळवणाऱ्यांचं माहेर का आहे, हे मला त्या दिवसांत उमगलं. १८९१ साली आल्बर्ट बालीन या जर्मन जहाजव्यावसायिकाने 'ऑगुस्टा व्हिक्टोरिया' हे जहाज कुक्सहाफेन बंदरातून भूमध्य समुद्राकडे नेलं. हिवाळ्यात उत्तर अटलांटिक ओलांडणारे प्रवासी कमी असत, मोठमोठी जहाजं नुसती पडून राहत. बालीनने लोकांना सांगितलं, चला, फिरून परत इथेच येऊ. सुमारे दोन महिन्यांची ती सहल. तोवर बहुतेक माणसं जहाजात बसत ती कुठेतरी पोचायला. आता ती जहाजावर राहायलाच येऊ लागली. पोचायची घाई गेली आणि रिकामी दुपार मिळाली. प्रेमाच्या गोष्टींना रिकाम्या दुपारीइतकं काही लागत नाही.

आणि लागतं ते पुन्हा पुन्हा समोर येणं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विवाहित विद्यार्थ्यांसाठी वेस्टगेट नावाची वसाहत होती. तिथे कुणाची कुणाशी मैत्री होते याचा अभ्यास फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक या तिघांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केला. सगळ्यात जास्त मैत्री लगतच्या दाराशी. एकेक दार दूर जावं तशी ती कमी होत गेलेली. खालच्या मजल्यावर जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावर इतरांपेक्षा जास्त ओळख, कारण वरची माणसं येता-जाता त्यांच्याच दारावरून जायची. स्वभाव, आवडीनिवडी हे सगळं नंतर, आधी जिना. जहाजावर तर सगळेच जिन्याच्या पायथ्याशी राहतात. सकाळी ज्याच्याशी वाद घातला तो दुपारी कठड्याशी उभा, संध्याकाळी लिफ्टमध्ये, रात्री समोरच्या खुर्चीवर. रुसून जाणार कुठे? चारी बाजूंनी पाणी.

आत्याने तिसऱ्याच दिवशी एका अधिकाऱ्याला गाठून विचारलं, कप्तानाला लग्न लावता येतं का? तो तरुण हसला आणि त्याने नीट समजावून सांगितलं. जहाज ज्या देशात नोंदवलेलं त्या देशाचा कायदा काय म्हणतो त्यावर ते अवलंबून. सगळ्याच कप्तानांना तो अधिकार असतो ही समजूत चुकीची. क्युनार्ड कंपनीने २०११ साली आपली तिन्ही जहाजं ब्रिटनऐवजी बर्म्युडात नोंदवली, आणि मग त्यांच्यावर भर समुद्रात लग्नं लावता येऊ लागली. आत्याने लगेच पुढचा प्रश्न केला, आपलं जहाज कुठे नोंदवलंय? मी तिला ओढून घेऊन गेले.

आता माझ्या चुकीबद्दल.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो वरच्या डेकवर एकटाच उभा होता. मी बोलता बोलता म्हणून गेले, "ती तुमची चौकशी करत होती." तिने तशी काही चौकशी केलेली नव्हती. आमच्या चौघांच्या बैठकीत हा डाव आजोबांनी सुचवला, आत्याने उचलून धरला आणि बोलायचं काम माझ्याकडे आलं. तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "असं का?" आणि निघून गेला. त्या रात्री तो जेवायला आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारीही नाही. त्याची खुर्ची रिकामी, आणि आता त्या रिकाम्या खुर्चीचा त्रास मला होत होता.

घरी परतल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचलं, ते या एका खोट्यापायी. १९५९ सालचा बॅकमन आणि सेकॉर्ड यांचा एक प्रयोग आहे. अनोळखी माणसांचे गट केले आणि त्यांतल्या प्रत्येकाला सांगितलं की अमक्या-अमक्यांना तुम्ही आवडण्याची शक्यता आहे. नावं उगाचच काढलेली. पहिल्या भेटीनंतर माणसांनी खरोखरच त्याच नावांना पसंती दिली. म्हणजे जुळवणाऱ्यांचा हा डाव चालतो. पण आणखी काही भेटींनंतर त्या सांगोवांगीचा परिणाम विरून गेला. तोवर त्यांनी एकमेकांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. खोट्याचा उपयोग दार ढकलण्यापुरता. आणि दार ढकलण्यासाठी मी एका सरळ माणसाला फसवलं होतं, असा माणूस की जो दोर धडधाकट आहे हे स्वतः तपासल्याशिवाय कुणाला लिफ्टमध्ये पाऊल टाकू देत नाही.

विरुद्ध स्वभाव एकमेकांना ओढतात, या समजुतीबद्दलही वाचलं. रॉबर्ट विंच या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात मांडलं होतं की माणूस जोडीदारात आपली उणीव भरून काढणारा शोधतो. पुढच्या अभ्यासांनी त्याला फारसा दुजोरा दिला नाही. सारखी माणसंच एकमेकांना आवडतात असं बहुतेकांना आढळलं. पण २००८ मध्ये मोंटोया, हॉर्टन आणि कर्चनर यांनी अशा ३१३ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा एक वेगळीच गोष्ट पुढे आली. नातं आधीच जमलेल्या माणसांत प्रत्यक्ष सारखेपणाचं वजन फारसं उरत नाही. आपण सारखे आहोत असं त्यांना वाटतं का, याला मात्र वजन असतं. मला हे वाचून बरं वाटलं, कारण जहाजावर मी नेमकं हेच बघितलं होतं. बाहेरून ते दोघे दोन टोकं होते, आणि टेबलावर बसलेल्या आम्हा सहा जणांना त्यांच्यातलं एकही साम्य दिसलं नव्हतं. ते दिसण्याची जागाच वेगळी होती.

चौथ्या दिवशी दुपारी दिवाणखान्यात पियानोजवळ ती उभी दिसली. समुद्रावरच्या दमट हवेत पियानोचं लाकूड फुगतं आणि तारा बिघडतात. रोज संध्याकाळी तो पियानो वाजू लागला की तिच्या कपाळावर आठी पडे. अखेर तिने वादकाची परवानगी मिळवली होती. पिशवीतून तारा पिळायची किल्ली आणि सूर देणारा नादकाटा काढला. सुट्टीवरही ते सोबत असतात, म्हणाली, चष्म्यासारखे. एवढी विसराळू बाई, जिची एक चप्पल दुसऱ्या दिवसापासून हरवलेली, ती त्या झाकणाखाली वाकली आणि वेगळीच कुणी झाली. हालचाल थांबली. श्वाससुद्धा बेताने.

पियानोला ८८ पट्ट्या आणि दोनशेच्या वर तारा. बहुतेक पट्ट्यांना तीन-तीन तारा असतात, एकाच हातोडीने एकदम वाजणाऱ्या. त्या तिघी तंतोतंत जुळलेल्या हव्यात. दोन तारा थोड्याच फरकाने वेगळ्या असतील तर आवाजात एक लाट उठते. एक सेकंदाला ४४० वेळा थरथरणारी, दुसरी ४४२ वेळा, तर सेकंदाला दोन लाटा. तिने आम्हाला ऐकवली. वाँव, वाँव, वाँव. तार जुळत जाते तशी लाट लांबते, संथ होते, आणि मग पाणी निवळावं तसा सूर निवळतो. ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

तारांमध्ये तिने लोकरी फेल्टची एक पट्टी खोचली होती. आत्याने विचारलं, "ही कशाला गं?"

"बाजूच्या तारा गप्प करायला. तिघी एकदम बोलायला लागल्या तर मला हिचं काही ऐकू येत नाही."

आत्या काही बोलली नाही. ती गप्प बसली की मला चाहूल लागते. मग तिने विचारलं, "आणि सगळेच सूर असे अगदी तंतोतंत जुळवता?"

"छे! एका सुराच्या तिन्ही तारा तंतोतंत. पण सूर आणि सूर यांच्यात थोडं थोडं सोडून द्यायचं. प्रत्येक पंचम केसभर कमी ठेवला तरच बाराही सुरांना एकत्र राहता येतं. एकच जोडी अगदी शुद्ध करायला गेलं की दुसरीकडे कुणीतरी भांडायला लागतं."

मी तेव्हाच तिला सगळं सांगून टाकलं. की मी त्याला खोटं बोलले, की तो त्यामुळे जेवायला येत नाही, की मला वाईट वाटतंय. ती किल्ली हातात धरून ऐकत होती.

"काय सांगितलंत त्यांना?"

"तुम्ही त्यांची चौकशी करत होतात असं."

ती पुन्हा तारांवर वाकली. "केली नव्हती अजून," म्हणाली.

आत्याने त्या 'अजून'वर माझा दंड दाबला नाही. हे मी मुद्दाम नोंदवते आहे.

आम्ही पश्चिमेकडे चाललो होतो. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून १५ रेखांश पश्चिमेला गेलं की घड्याळ एक तास मागे. लांबच्या प्रवासात जहाजावर हे रात्री करतात. त्या संध्याकाळी प्रत्येक खोलीत पत्रकासोबत एक चिठ्ठी आली, आज रात्री २ वाजता घड्याळं एक तास मागे घ्यावीत. म्हणजे २५ तासांचा दिवस. जमिनीवर ज्याच्यासाठी आपण आयुष्यभर झुरतो तो जास्तीचा तास इथे उशाशी आणून ठेवतात.

त्याने अर्थातच झोपण्यापूर्वी काटे मागे घेतले. पण शरीराचे काटे कोण फिरवणार? ते रोजच्यासारखं सहाला उठलं तेव्हा घड्याळात पाच वाजले होते. तिने चिठ्ठी वाचलीच नव्हती. तिच्या मनगटावरचं किल्लीचं जुनं घड्याळ सहा दाखवत होतं, म्हणून ती उठून बाहेर आली. घड्याळ बदलणारा आणि न बदलणारी, दोघे एकाच वेळी जहाजाच्या पिछाडीला येऊन पोचले. डेकवर तिसरं माणूस नव्हतं. पत्रकात त्या तासाला कुठलाही कार्यक्रम नव्हता. आमच्या चौघांच्या बैठकीतही त्याचा विचार झालेला नव्हता, कारण तो तास आदल्या दिवशी अस्तित्वातच नव्हता.

आत्याही पहाटेची. आम्ही दोघी शाली गुंडाळून मागच्या डेककडे निघालो आणि दाराच्या काचेतून आम्हाला ते दिसले. पश्चिमेला जाणाऱ्या जहाजाचा सूर्य पाठीमागून उगवतो. फेसाची पांढरी वाट थेट उजाडणाऱ्या कडेपर्यंत गेलेली आणि तिच्यासमोर दोघे पाठमोरे. त्यांच्यात एका माणसाचं अंतर. दोघांचेही तळवे कठड्यावर सपाट टेकलेले, जशी नाडी बघावी. बोलत नव्हते. ऐकत होते.

आत्याचा हात दाराच्या मुठीवर होता. तिने तो काढला.

"पट्टी," ती कुजबुजली, आणि मागे वळली. मी तिच्या मागून गेले. सत्तरी ओलांडलेल्या माझ्या आत्याने एवढ्या वर्षांत किती लग्नं जमवली ते मोजायचं मी कधीच सोडून दिलं आहे, पण तिचं त्या पहाटेचं माघारी फिरणं मला त्या सगळ्यांहून मोठं वाटतं.

ते काय ऐकत होते हे तिने मला पुढे सांगितलं. जहाजाच्या पिछाडीला खाली पंखे फिरत असतात आणि त्यांची थरथर कठड्यातून हाताला कळते. तो म्हणाला होता, हात ठेवून बघा, दर काही क्षणांनी ही थरथर वाढते आणि ओसरते. तिने हात ठेवला. लाट. तिची रोजची, ओळखीची लाट. दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेगाने फिरताहेत, पण अगदी एकाच नाही. ती जे कानाने करते तेच तो तळहाताने करत होता. लिफ्टच्या मोटरीची गुणगुण, दोराची थरथर, दार मिटताना होणारा एक चुकीचा टक्, यांवरून तो बिघाड ओळखतो. दोघांचंही पोट एकाच गोष्टीवर भरतं, सगळ्यांना ठीक वाटणाऱ्या आवाजात काय ठीक नाही ते ऐकण्यावर. चार दिवस आम्ही त्यांची तोंडं एकमेकांकडे वळवत राहिलो, आणि त्यांचं साम्य होतं कानांत.

मग त्याने खिशातून एक कागद काढला. नेहमीसारखा चार घड्यांचा. "तुम्ही पहिल्या दिवशी खर्ज म्हणालात," तो म्हणाला. "मी शोधून काढलं." समुद्रावरच्या टकरी टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत लिहिलेलं आहे की जहाज जितकं लांब तितका भोंग्याचा आवाज खालचा हवा. २०० मीटर किंवा त्याहून लांब जहाजाला ७० ते २०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं, ७५ मीटरपेक्षा लहान असेल तर २५० ते ७००. म्हणजे धुक्यात जहाज दिसत नसलं तरी नुसत्या आवाजावरून कळावं की समोर कुणीतरी मोठं आहे. जेवायला न येता तो जहाजाच्या ग्रंथालयात बसून हे वाचत होता. माझ्या खोट्याचा त्याला राग आला होताच, ते त्याने मला नंतर स्पष्ट सांगितलं आणि मी माफी मागितली. पण ग्रंथालयात तो रागाने बसलेला नव्हता.

ती म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी तुम्ही माझं ऐकलं होतं."

"तुम्ही उशिरा आलात म्हणून चिडलो होतो. ऐकलं होतंच."

चिडण्यामागचं कारणही त्याने सांगितलं. २०१२ साली इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही सहलीची बोट खडकावर आपटली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ही तालीम झालेलीच नव्हती. नियमात तेव्हा २४ तासांची मुभा होती. ३२ माणसं गेली. २०१५ पासून ती तालीम निघण्याआधी किंवा निघताक्षणीच घ्यावी लागते. एका रिकाम्या जागेकडे तो तसा का बघत होता हे तिला तेव्हा कळलं, आणि मला तिच्याकडून.

नंतर तो तिला एलिशा ओटिसबद्दल सांगत होता. १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात हा माणूस उघड्या लिफ्टच्या फळीवर उभा राहिला, उंच गेला आणि वरचा दोर तोडायला लावला. दोर तुटला, फळी जराशी घसरली आणि त्याने बनवलेल्या अटकावाने जागीच थांबली. उंच इमारतींवरचा माणसांचा विश्वास तिथून सुरू झाला असं लिफ्टच्या धंद्यातली माणसं मानतात. ही गोष्ट त्याने आजवर कितीतरी लोकांना सांगितली असेल. ऐकणारे म्हणतात, बापरे, किंवा, धाडसी माणूस. ती म्हणाली, "दोर तुटल्यावर आणि फळी थांबायच्या आधी, मधे कसला आवाज आला असेल?"

हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याने स्वतःलाही विचारलं नव्हतं. त्या एका प्रश्नावर त्यांचा उरलेला तास गेला.

आर्थर आरन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी माणसांच्या जोड्या करायच्या, त्यांना प्रश्नांची यादी द्यायची, आळीपाळीने उत्तरं द्यायची. साधे प्रश्न आधी, आतले नंतर. पाऊण तासात त्या माणसांमध्ये नुसत्या गप्पा मारणाऱ्यांपेक्षा जास्त जवळीक निर्माण झाली. प्रश्न किती, तर ३६. छत्तीसचा आकडा! पण मला जास्त भिडलं ते त्याच शोधनिबंधातलं दुसरं निरीक्षण. महत्त्वाच्या बाबतीत मतं जुळणाऱ्या माणसांच्या जोड्या मुद्दाम लावल्या, तरी जवळिकीत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. समोरच्याला तुम्ही आवडाल असं आधी कानात सांगितलं, तरीही नाही. खुर्च्या आणि कुजबुज, आमची दोन्ही हत्यारं. फरक पडला होता तो विचारण्याने, आणि उत्तर संपेपर्यंत थांबण्याने.

त्या दुपारी तो टेबलाशी परत आला. सगळं नेहमीसारखं. आजोबा हवेबद्दल बोलत होते. तिने मीठदाणीकडे हात केला आणि तो सहज म्हणाला, "थांब, तुला झाकण सैल असलेली नको, ही घे."

तुला.

चार दिवस 'तुम्ही', 'अहो', 'आपण' असं चाललं होतं. आजींचा चमचा ताटाच्या काठावर टेकला. निवृत्त मित्रांपैकी एकाने खोकल्यासारखं केलं. आत्या खिडकीतून समुद्राकडे इतक्या निष्ठेने बघू लागली की मला तिचा अभिमान वाटला. उरलेले तीन दिवस आम्ही चौघांनी कुणालाही काहीही सुचवलं नाही. एवढं कठीण काम मी दुसरं केलेलं नाही.

त्या तीन दिवसांत ते भांडले नाहीत असं मुळीच नाही. जमीन लागली तेव्हा ती ठरलेल्या वेळेच्या शेवटच्या पाच मिनिटांत परत आली आणि तो शिडीच्या पायथ्याशी घड्याळ धरून उभा होता. तिने त्याच्या पत्रकावर त्याला न विचारता रेघा मारल्या, सगळ्या नको त्या कार्यक्रमांखाली. तो त्यातल्या एकाला गेलाही. आजोबांना वाटलं होतं की आता दोघे एकमेकांसारखे व्हायला लागतील. आजी म्हणाल्या, "पंचेचाळीस वर्षांत तुम्ही झालात का?"

शेवटच्या रात्री सामान खोल्यांच्या बाहेर काढून ठेवायचं असतं, रंगीत चिठ्ठ्या बांधून. सकाळी रंगांप्रमाणे माणसं उतरतात. त्यांचे रंग वेगळे होते. त्याचा रंग आधी पुकारला गेला. तो लिफ्टकडे गेला नाही, जिन्याने निघाला, आणि तिच्या हातातली पिशवी त्याच्या खांद्यावर होती. ती तीच, किल्ली आणि नादकाट्याची. आपली अवजारं तिने त्याच्याकडे कशी दिली, किती वेळासाठी दिली, हे मी विचारलं नाही. आत्यानेही विचारलं नाही.

सात महिने आमच्याकडे काही बातमी नव्हती. आत्या दर आठवड्याला फोन करायची, इकडचं तिकडचं बोलायची, आणि त्या दोघांचं नाव न काढता फोन ठेवायची. मग एका संध्याकाळी तिचा निरोप आला. घरी जुना पियानो आणला आहे, दोन दिवस लावून सगळा जुळवला. खाली एका सुराचं ध्वनिमुद्रण, आणि त्याखाली दोन ओळी.

'तो म्हणतो, मधली तार अजून उतरलेली आहे. मी म्हटलं, शक्य नाही. परत ऐकलं. आहे.'